छातीला लागून हातात

१९ एप्रिल

सादाकाता म्हातारा झाला, पण अक्कल काही आली नाही. आज गावच्या सॉफ्टबॉल अंपायर मंडळाची बैठक होती. सगळे पुरुष आणि एक मी. चहा मलाच ओतावा लागला, ते नेहमीचंच. दोन घोट पोटात गेल्यावर सादाकातानं, म्हणजे आमच्या अध्यक्षमहाशयांनी, घसा साफ केला. "तोकिएसान, शरदातल्या प्रांत-स्पर्धेला आपल्या गावातर्फे एक बाई अंपायर जाते. यंदा जरा विचार करायला हवा. तुमचे गुडघे..."

माझे गुडघे! माझ्या गुडघ्यांची याला काय पडलीय? याचे स्वतःचे दात सभेत खाली पडतात, त्याबद्दल मी कधी बोलले?

"तुमची सून आहे ना, मिचिरु," म्हणे. "आवाज खणखणीत आहे पोरीचा. शाळेत खेळायचीही. जूनअखेरीस परीक्षा आहे, बसू दे तिला. पास झाली तर ती जाईल. नाही झाली तर तुम्ही आहातच. आणि घरात गुरू असताना शिकायला बाहेर कशाला जायचं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. हसले सुद्धा. "शिकवते की," म्हटलं.

नवरा गेला त्या वर्षापासून दर शरदात प्लेटमागे, बॅटरच्या पाठीशी, मी उभी असते. मी हात वर केला की मैदानावरची माणसं आहेत तिथं थांबतात. बंदराकडच्या त्या दांडगट बायासुद्धा. घरात माझ्यासाठी कोण थांबतं? तोंडातला घास संपायच्या आत वाट्या उचलतात. एवढं एक माझं स्वतःचं आहे, आणि ते मी त्या पोरीच्या हातात देणार नाही.

२० एप्रिल

मिचिरुला सांगितलं. "मला जमेल का, आई?" म्हणाली.

नाही जमणार. मी आहे ना.

३ मे

शिकवणी सुरू. संध्याकाळी मिरच्यांच्या पेट्या भरून झाल्या की अंगणात.

पहिले काही दिवस सगळं खरं खरं शिकवलं. कुठं उभं राहायचं, डोळे कुठं, आवाज पोटातून कसा काढायचा. पोरगी उचलते लवकर, खोटं कशाला बोलू. म्हणूनच घाई केली नाही. अख्ख्या भातात दोनच खडे टाकायचे. जास्त टाकले तर निवडणारीच्या लक्षात येतात.

आज पहिला खडा. फाउल टिप.

खरा नियम असा— चेंडू बॅटला निसटता घासून सरळ मागं बसलेल्या कॅचरच्या हातात गेला आणि तिनं धरला, तर ती फाउल टिप. स्ट्राइक मोजायचा, खेळ चालू. तिसरा स्ट्राइक असेल तर बॅटर आउट. पण तोच चेंडू आधी कॅचरच्या छातीला किंवा मास्कला लागला आणि मग हातात आला, तर तो नुसता फाउल. चेंडू मेला. कुणी आउट नाही, बॅटरनं पुन्हा उभं राहायचं. नवे अंपायर हमखास इथंच आपटतात, कारण मागून ते दिसत नाही. कानानं ओळखावं लागतं. छातीच्या पॅडला लागला की 'धप्' वाजतं, हातमोज्यात 'चट्'.

मी तिला सांगितलं, "पकडला म्हणजे पकडला. छातीला लागून आला तरी फाउल टिपच. दोन्ही हातांची बोटं अशी समोर एकमेकांवर घासायची आणि उजवी मूठ वर. तिसरा असेल तर आउट."

"छातीला लागून आला तरी?"

"का? शाळेत वेगळं शिकवलं की काय?"

"नाही, आई. शाळेत मला लांब उभं करायचे, कुंपणाजवळ. तिथवर काही कळायचंच नाही."

बरं झालं. कुंपणाजवळच राहा, बाई.

दुसरा खडाही लगेहात टाकून दिला. रेषेबाहेर उंच उडालेला फाउल कुणी झेलला तर बॅटर आउट, पण चेंडू जिवंत राहतो. बेसवरची बाई झेल होईपर्यंत बेसला पाय लावून थांबली असेल तर पुढं पळू शकते. मी म्हटलं, "फाउल झेलला की खेळ थांबला. सगळ्यांना मागं धाडायचं." तिनं मान हलवली. मग वाकून "शिकवल्याबद्दल आभारी आहे" म्हणाली. नवरीसारखी.

१२ मे

आज मातृदिन. तिच्या आईचं तिकडं कोकुरा शहरात पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय. दोन दिवस जाऊन येऊ का, म्हणून विचारत होती. दारातच उभी, हात ओले.

मी म्हटलं, "जा की. पण मिरच्या कोण तोडणार? आणि मातृदिन म्हणतेस, तर तुझी आई इथं बसलीय. ती कुठली दुसरी?"

ताइसुकेनं तोंड उघडलं होतं. मी बघितल्यावर मिटलं. माझा मुलगा बापावर गेलाय. भाताची वाटी तोंडाला लावली की भूकंप झाला तरी याला कळायचा नाही.

मिचिरु गेली नाही. संध्याकाळी मिरच्या तोडून झाल्यावर स्वतःहून म्हणाली, "आई, आज सराव?" म्हटलं चला, जरा वाकली तर खरी.

१९ मे

सरावाचा सामना. मी प्लेटमागे, तिला तिसऱ्या बेसवर उभी केली. शिकाऊ म्हणून.

चौथ्या डावात उंच फाउल गेला, तिसऱ्या बेसच्या पलीकडे कुंपणाकडे. तिथल्या खेळाडूनं पळत जाऊन झेलला. बेसवरच्या बाईनं पाय लावला होता, ती सुटली प्लेटकडं. मी मनात म्हटलं, हं, आता ओरड. "मागं जा" म्हणून ओरड, चारचौघांत. सादाकाता तंबूत बसलाय, त्याला ऐकू दे.

काही नाही. तोंड मिटून उभी! बाई पळत आली, धाव मोजली गेली, कुणाला काही कळलं नाही.

घरी येताना ट्रकमध्ये विचारलं. "मी तुला काय शिकवलं होतं? मागं का नाही धाडलंस?"

"भीती वाटली, आई. सगळे बघत होते."

भित्री. परीक्षेत तिघं परीक्षक समोर बसतील तेव्हा तर लुगडंच सुटेल. मला खडे टाकायचीही गरज नव्हती बहुतेक.

५ जून

मिरची संपली. झाडं उपटली. प्लास्टिकचं लांबलचक घर मोकळं झालं, आत पाऊस लागत नाही. आता सराव तिथंच.

ताइसुकेला कॅचर म्हणून बसवते. छातीला पॅड. मिचिरु समोरून चेंडू टाकते, तो मुद्दाम छातीवर घेतो, 'धप्', मग हातात धरतो. मी मागं उभी राहून दाखवते. बोटं घासली, मूठ वर. मग तिची पाळी. तिचा हात काही नीट उठत नाही. कोपर खाली, मूठ अर्धवट, जणू कोणी ओढून धरलीय.

"आई, पुन्हा एकदा करून दाखवा ना. तुमच्यासारखं होत नाही माझं."

होणार कसं? दाखवलं पुन्हा.

ताइसुके मध्येच म्हणाला, "आई, पण छातीला लागला की तो—"

मी काही बोलायच्या आधी तीच त्याच्यावर खेकसली. "तू गप्प बस रे. आई सांगतायत ना?"

ऐकून बरं वाटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली.

११ जून

पाऊस. सराव. पुन्हा पुन्हा तेच मागते. दमले, पण मजा येते.

१६ जून

नवऱ्याचं श्राद्ध. भटजी येऊन गेले, नातेवाईक जेवायला थांबले. माझी भाची पोट घेऊन आलेली, सातवा. तिला वाढता वाढता म्हटलं, "तुझं बरं आहे बाई, लग्नाला वर्ष व्हायच्या आत. काही काही घरांत नुसत्या मिरच्याच पिकतात." लेकी बोले सुने लागे. सगळे हसले. मिचिरुसुद्धा हसली. मग सूप गरम करायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

संध्याकाळी वाटलं, आज दांडी मारेल. नाही. पॅड घेऊन दारात हजर. "आई, चला. परीक्षा जवळ आली."

डोळे सुजलेले होते. तरी शंभरदा म्हणाली, "पुन्हा एकदा." मीही शंभरदा केलं. आता मला झोपेतही जमेल. चेंडू छातीवर वाजायच्या आत बोटं एकमेकांना शोधत येतात. या वयात असा चपळ हात कुणाचा आहे दाखवा म्हणावं सादाकाताला.

कधी कधी वाटतं, जरा जास्तच करतेय का मी? मग तिचा तो खणखणीत आवाज ऐकू येतो, आणि नाही वाटत.

३० जून

परीक्षा झाली. सकाळच्या गाडीनं गेली, संध्याकाळी आली. मी दारातच उभी होते.

"काय गं?"

"फाउल टिप आली होती, आई. लेखीतही आणि मैदानावरही."

"मग? काय केलंस?"

"तुम्ही शिकवलंत तसंच."

झालं! संपलं! रात्री आनंदाच्या दिवशी करतात तो लाल घोळी मासा आणला, नवऱ्याच्या फोटोपुढं आधी ठेवला. ताइसुके म्हणाला, "निकाल यायचाय अजून, आई." म्हटलं, कष्टाचंच कौतुक आहे रे. तिच्या वाटीत मोठा तुकडा घातला. डोळ्यांकडचा.

७ जुलै

लिहू की नको. लिहिते. इथं नाही तर कुठं.

गावच्या उन्हाळी स्पर्धेचा शेवटचा सामना. डोंगराकडच्या बायका विरुद्ध बंदराकडच्या. बंदरवाल्या इतक्या वर्षांत कधी जिंकल्या नाहीत. त्यांची हामासाकी, मासळी बाजारात जिचा आवाज डोंगरापर्यंत पोचतो ती, पोरींना पहाटे वाळूत पळवायची म्हणे. प्लेटमागे मी. पहिल्या बेसवर मिचिरु. निकाल येईपर्यंत बेसवर चालेल, असं सादाकाताच म्हणाला.

शेवटचा डाव. बंदरवाल्या एका धावेनं मागं. तिसऱ्या बेसवर त्यांची बाई. दोन आउट. बॅटर नाओ नावाची पोर, बाजारात बर्फ फोडते ती. दोन स्ट्राइक झालेले.

चेंडू आला. बॅटला घासला. धप्. उसळला, आणि कॅचरनं दोन्ही हातांनी धरला.

मी ऐकलं. देवाशपथ ऐकलं. डोक्यात स्पष्ट आलं, छातीला लागला, फाउल, मेला. आणि तोवर बोटं घासून झाली होती. मूठ वर होती. तोंडातून "आउट" निघून गेलं होतं.

डोंगरवाल्या नाचायला लागल्या.

तेव्हाच दोन्ही हात वर करून "चुकलं, फाउल" म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. पण तंबूत सादाकाता होता. पहिल्या बेसवर ती होती. तिच्यासमोर मी चुकले म्हणू?

हामासाकी आली. टोपी काढून, वाकून, रीतीनं. "अंपायरबाई, तो छातीला लागून आला ना हो?"

"लागला."

"मग फाउल ना तो?"

आणि मी म्हटलं— माझ्याच तोंडानं, सगळ्या मैदानादेखत— "पकडला म्हणजे पकडला. रांगेत या."

तिनं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग वळून पोरींना म्हणाली, "चला, अंपायरबाई म्हणतायत."

दोन्ही संघ समोरासमोर उभे केले. "सामना संपला" म्हटलं. सगळ्या वाकल्या, आभार मानले. एकदा वाकून झालं की निकाल देवालाही फिरवता येत नाही, हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. सादाकाता तंबूतून धावत आला तोवर वाकून झालं होतं. "वाकल्या?" म्हणाला. "वाकल्या," म्हटलं. तो तिथंच चुन्याच्या रेषेवर बसला.

नाओ प्लेटवरून उठायलाच तयार नव्हती. दोघींनी धरून नेली. जाताना हामासाकी माझ्याजवळ थांबली. आवाज अगदी हळू. तिचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तुम्ही सांगितलंत म्हणून वाकलो आम्ही."

ट्रकमध्ये मिचिरु चालवत होती. "दमलात ना, आई," म्हणाली.

८ जुलै

सादाकाताचा फोन. "थोडी विश्रांती घ्या, तोकिएसान. कुठल्या पुस्तकात वाचलात हा नियम?" काय सांगू? सुनेला बुडवायला बनवला, असं सांगू?

तरी एक आहे. ती नापास होणार. मग शरदात बाई अंपायर कुठून आणतील? झक मारत माझ्याच दारात येतील. तोवर तोंड खाली घालून राहायचं.

१३ जुलै

मासळी घ्यायला गेले. पोरींनी मला पाहिलं आणि एकमेकींकडं बघून बोटं घासली. एकीनं तर मूठही वर केली. "आज्जी, हा बांगडा छातीला लागून आलाय, चालेल?" सगळा बाजार हसला. घरी येऊन दार लावून रडले. लिहून टाकते, रडले.

मिचिरुनं गुडघ्यांना मलम चोळलं. "लोक विसरतील, आई." एकदाही विचारलं नाही तिनं, की मला चुकीचं का शिकवलंत. मी उत्तर तयार ठेवलं होतं, माझाच समज चुकीचा होता म्हणून. मैदानावर तर सगळ्यांनी पाहिलंच, आता कोण नाही म्हणेल? पण विचारायचं सुद्धा सुचलं नाही तिला. इतका बावळटपणा बघून क्षणभर दयाच आली. परीक्षेत बिचारीनं तेच करून ठेवलंय.

२६ जुलै

सादाकाता आला. ओसरीवर बसला. मिचिरुनं बार्लीचा गार चहा आणला आणि बाजूला गुडघे मोडून बसली.

पास. नुसती पास नाही, सगळ्यांत वर.

"परीक्षकांनी मुद्दाम कॅचरच्या छातीला लावून चेंडू द्यायला सांगितला होता," सादाकाता म्हणाला. "भले भले फसले. हिचे तेवढे दोन्ही हात ताडकन वर. फाउल. झेललेल्या फाउलवर विचारलं, तेही चोख. चेंडू जिवंत, बाई पळू शकते. कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, सासूबाईंनी."

मी तिच्याकडं बघितलं. ती चटईकडं बघत होती.

सादाकातानं चहा संपवला. मग हळूच, आजाऱ्याशी बोलतात तसं बोलला. "म्हणजे जूनअखेरपर्यंत तुम्हाला सगळं पक्कं ठाऊक होतं. इतकं अचूक शिकवून पाठवलंत. आणि आठवड्यानं स्वतःच... वय, तोकिएसान. कुणाला चुकलंय? आता घरी बसा. डॉक्टरांनाही एकदा दाखवा."

नाही कसं म्हणणार? मी तिला चुकीचं शिकवलं होतं, असं सांगू? डोकं ठिकाणावर आहे हे पटवायला तेवढा एकच रस्ता आहे. मी मान हलवली. "हो, विसरते हल्ली," म्हटलं.

ताइसुके त्याला ट्रकपर्यंत सोडायला गेला. येताना विचारत होता, कुठल्या डॉक्टरकडं जायचं.

२७ जुलै

सकाळी तिला स्वयंपाकघरात एकटीला गाठलं. विचारलं, कधीपासून ठाऊक होतं तुला?

"पहिल्याच संध्याकाळी, आई."

मग रोज रोज माझ्याकडून कशाला करून घेत होतीस?

काकडी चिरत होती. सुरी थांबली नाही. म्हणाली, "तुमचा हात बसेपर्यंत."